डाव्या गुडघ्याची आठवण

मोहऱ्या तव्यावर का तडतडतात, हे मी आजवर तीनशेहून जास्त सभांमध्ये सांगितलं आहे. दाण्यात थोडं पाणी असतं, ते तापतं, त्याची वाफ होते, वाफेला जागा लागते, साल फुटतं. मिरची जळली की ठसका का लागतो, तेही सांगितलं आहे. दृष्ट जबर असली तर ठसका लागत नाही, असं लोक म्हणतात. मग मी स्टेजवर तवा तापवतो, त्यात मीठ, मोहऱ्या, मिरची टाकतो आणि शेजारचा टेबलफॅन मागच्या रांगांकडे वळवतो. पुढचे मजेत बसतात, मागचे खोकून हैराण होतात. लोक हसतात. विट्याच्या आमच्या विवेक मंचात या कार्यक्रमाला ‘शेंडगे सरांचा तवा’ म्हणतात. तो मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी ठेवलेला असतो, कारण घरोघरी दृष्ट काढतात तीही याच दोन दिवशी.

एकवीस वर्षं हे चाललंय. मी थकलोय, हे आधीच सांगून टाकतो. लोकांनी नाही थकवलं. माझ्या मुलीच्या डाव्या गुडघ्यानं थकवलं.

शर्वी नऊ वर्षांची आहे. चार वर्षांची असताना एका सकाळी ती उठली ती लंगडतच. पडली असेल, असं आम्ही म्हणालो, आणि पंधरा दिवस तेच म्हणत राहिलो. मग सांगलीत निदान झालं, मुलांचा संधिवात. तेव्हापासून आमची सकाळ म्हणजे तिचा गुडघा. गरम पाण्याची पिशवी, मग हळूहळू वाकवणं, मग भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत. पाऊण तास जातो. पाच वर्षं मी पाऊण तास आधी उठतोय. तिची सगळ्यात मोठी इच्छा काय, तर शाळेच्या मैदानावर लंगडी खेळायची. यावर हसावं की रडावं, मला कळत नाही.

मिरजेच्या केंद्रात मुलांचे सांधे बघणाऱ्या डॉ. फरहाना मुजावर यांनी हा आजार आम्हाला पहिल्यांदा नीट समजावून सांगितला.

“जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात ना सर, त्यातल्या काहींची ओळख चुकते,” त्या म्हणाल्या. “त्या सांध्याच्या आतल्या अस्तरालाच शत्रू धरतात. औषध दिलं की लढाई थांबते, पण सगळ्या माघारी जात नाहीत. थोड्या तिथंच मुक्काम ठोकतात. आम्ही त्यांना स्मृतिपेशी म्हणतो. बाहेरून गुडघा बरा दिसतो, पण आत त्या बसलेल्या असतात. साधी सर्दी झाली तरी उठतात आणि बाकीच्यांना बोलावून आणतात. म्हणून आजार फिरून त्याच गुडघ्यात येतो.”

“म्हणजे गुडघ्याला आठवण असते,” शर्वी म्हणाली.

“तुझ्या डाव्या गुडघ्याला आहे.” मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. “पाच वर्षं पूर्ण मात्रेत औषध चाललंय. आता लिव्हर कुरकुर करायला लागलंय. मात्रा कमी करायला हवी आणि गुडघाही सांभाळायला हवा. त्यासाठीच नवा कार्यक्रम आहे. ज्याला आठवण असते त्याला शिकवताही येतं.”

शिकवण्याची पद्धत मला विज्ञानाचा शिक्षक म्हणून फार आवडली. मेंदूपासून निघालेल्या नसांचा एक रस्ता प्लीहेपर्यंत जातो, आणि प्लीहा म्हणजे या पेशींची मोठी छावणी. त्या रस्त्यानं मेंदू पेशींना निरोप पाठवू शकतो. मुलीला औषध देताना प्रत्येक वेळी एक अगदी अनोळखी चव द्यायची, जगात कुठल्याही स्वयंपाकघरात नसलेली. औषध पेशींना शांत करतं आणि मेंदू त्या चवीशी ती शांतता जोडून टाकतो. बारा आठवड्यांनी नुसत्या चवीवर मेंदू ‘शांत बसा’ असा निरोप पाठवायला लागतो. मग औषध पाव मात्रेवर आणता येतं, बाकीचं काम आठवण करते. घंटा वाजली की पोरांना भूक लागते, तशातलाच प्रकार.

ती चव म्हणजे एका छोट्या कपातलं हिरवं पाणी होतं. शर्वीच्या मते त्याला ओल्या खडूची आणि थंड स्टीलची चव होती. सोबत एक कागद मिळाला. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, त्याच कपात. एक तास आधी आणि एक तास नंतर घरात उग्र वास नको. फोडणी नको, अगरबत्ती नको, फिनेल नको. गुडघ्यावर एक पातळ पट्टी चिकटवायची. आतल्या पेशी किती खवळल्यात, याचा अंक ती रोज सकाळी दाखवते. पंधराच्या आत म्हणजे उत्तम. साठच्या वर दोन आठवडे राहिला तर कार्यक्रमातून नाव कमी, आणि परत पूर्ण औषध.

“दिवस कुठले धरू?” डॉक्टरांनी विचारलं.

“मंगळवार आणि शनिवार बरे पडतील. संध्याकाळी साडेसहा,” माझी बायको सारिका म्हणाली.

मी म्हणालो, त्या दिवशी माझे कार्यक्रम असतात. ती म्हणाली, “असू द्या की. मी देईन.”

सारिका अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. पन्नास गावांतल्या पोरांना डोस पाजलेली बाई. मला काळजीचं काही कारण दिसलं नाही.

सुरुवातीला अंक चौऱ्याहत्तर होता. बाराव्या आठवड्यात अकरा झाला. औषध पाव मात्रेवर आणलं तरी अकरा, बारा, तेरा यातच राहिला. लिव्हरचे रिपोर्ट सुधारले. एके दिवशी शर्वी शाळेतून आली ती गुडघ्यापर्यंत मातीनं माखून. लंगडी खेळली होती आणि पहिल्याच फेरीत बाद झाली होती. बाद झाल्याचं ती सगळ्या गल्लीला सांगत सुटली. त्या आठवड्यात मी दोनदा घड्याळाच्या गजरापर्यंत झोपलो.

मग सारिकाला बढतीच्या प्रशिक्षणासाठी सहा आठवडे नागपूरला जावं लागलं. मी मंगळवार-शनिवारचे कार्यक्रम बंद केले आणि हिरवं पाणी स्वतः द्यायला लागलो. मी काही करायचं म्हटलं की नियमानं करतो. पाच वाजल्यापासून गॅस बंद, खिडक्या लावलेल्या, साडेसहाच्या ठोक्याला कप. शेजारच्या मालनकाकू लसणाची फोडणी द्यायला लागल्या की दाराच्या फटीत ओला टॉवेल.

पहिल्या आठवड्यात अंक बावीस झाला. दुसऱ्या आठवड्यात सदतीस, तिसऱ्या आठवड्याअखेर एकोणपन्नास. शर्वी परत भिंतीला धरून चालायला लागली. मी कप बदलून आणला, पाण्याची नवी बाटली मागवली, घड्याळ तपासलं. मी देतो तेव्हा ती घाबरते की काय म्हणून एकदा व्हिडिओ कॉलवर सारिकाला समोर बसवलं. उपयोग शून्य. सारिका त्या कॉलवर फार गप्प होती. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

त्याच आठवड्याच्या रविवारी मंचाचे अध्यक्ष बाबर अण्णा हटूनच बसले. लेंगऱ्याच्या शाळेत कार्यक्रम ठरला होता, दोनशे लोक येणार होते. शर्वीला घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून बरोबर नेली आणि पहिल्या रांगेत, तव्यासमोर बसवली. त्या दिवशी पंखा बिघडला होता, त्यामुळे पुढचे-मागचे सगळेच खोकले आणि माझा मुद्दा काही सिद्ध झाला नाही.

पुढच्या गुरुवारी मिरजेला गेलो तेव्हा अंक अठ्ठावन्न होता. डॉक्टरांनी पडद्यावर आलेख उघडला आणि एका जागी बोट ठेवलं.

“हा सोमवार बघा. एकोणपन्नासवरून एकदम तीस. मंगळवारी परत वर. रविवारी काय केलं होतं?”

“काहीच नाही. रविवारी औषध नसतंच.”

“आठवा, सर. कुठं गेला होता? काय खाल्लं?”

“माझा कार्यक्रम होता लेंगऱ्याला. हिला घेऊन गेलो होतो.”

“कसला कार्यक्रम?”

मी सांगितला. डॉक्टर हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी आलेखावरचं बोट काढलं.

“मोहऱ्या-मिरच्या जाळल्या तुम्ही. हिच्यासमोर.”

“प्रात्यक्षिक असतं ते.”

शर्वी तपासायच्या टेबलावर पाय सोडून बसली होती. “पप्पांचा धूर आईच्या धुरासारखाच होता,” ती म्हणाली, आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला.

मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून सारिकाला फोन लावला. प्रशिक्षणातून उठून ती बाहेर आली.

“तू हिची दृष्ट काढायचीस?”

“हो,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“पहिल्या कपापासून. तिनं कप खाली ठेवला की लगेच. तुम्ही यायच्या आत खिडक्या उघडून ठेवायची.”

तिला खिडक्या उघडायचीही गरज नव्हती. कार्यक्रमाहून येताना माझ्याच शर्टाला तो वास असायचा. एकवीस वर्षं लोकांच्या डोक्यातली दृष्ट उतरवत फिरणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला धूर कळला नाही तो असा.

“सारिका, कागदावर लिहिलं होतं.”

“वाचलं होतं मी.”

“मोहऱ्या का तडतडतात, हे तुला ठाऊक आहे.”

“तीनदा ऐकलंय तुमचं भाषण, पाठ आहे. तरी काढली.” तिचा आवाज चढला नाही. “पाच वर्षं तुम्ही फायली घेऊन फिरताय. रिपोर्ट तुमच्याकडं, डॉक्टरांशी बोलायचं तुम्ही, तक्ते तुमचे. माझ्या हातात काय होतं हो? कप धुवायचा? पोरगी पहिल्यांदा उड्या मारायला लागली, मला भीती वाटली. कुणाला सांगणार? तुम्हाला?”

मला रागवायचं होतं. वाक्यंही तयार होती, एकवीस वर्षं वापरलेली. पण त्यातलं एकही त्या बाकावर बसून म्हणावंसं वाटलं नाही.

“मग अंक वाढायला लागला तेव्हा का नाही बोललीस?”

“धीर झाला नाही. वाटलं, माझ्यामुळंच सगळं बिघडलं. आता पोरीला काढून टाकतील.”

आत गेल्यावर डॉक्टरांनी मला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. “मेंदू ठसठशीत गोष्ट लक्षात ठेवतो, सर,” त्या म्हणाल्या. “एका बाजूला फिकं हिरवं पाणी. दुसऱ्या बाजूला जळकी मिरची, डोक्यावरून फिरणारा हात, आईचा आवाज. तुम्ही मेंदू असता तर काय धरलं असतं? हिच्या पेशी आमची चव शिकल्याच नाहीत. त्या दृष्ट शिकल्या.”

“मग परत शिकवू. नीट, नियमानं.”

“त्याला बारा आठवडे पूर्ण औषध लागेल. तिच्या लिव्हरला ते झेपणार नाही. माझी सही होणार नाही त्यावर.”

“मग?”

“मग तुम्ही दृष्ट काढा.”

डॉक्टर नाइलाजानं किंचित हसल्या. “मलाही हे नोंदवहीत लिहिणं सोपं नाही. पण आता तोच तिचा निरोप आहे. आई करायची तसंच करायचं, तेच हातवारे, तेच शब्द. मिरची एकच, आणि झालं की लगेच खिडकी उघडायची. आणखी एक. औषधाशिवाय तो धूर तिच्या नाकात जायला नको. विनाकारण मिळत राहिला तर आठवण पुसट होते. रविवारी आपण थोडी वाया घालवलीच. म्हणजे तुमचा तवाही बंद करायचा. शर्टावरून घरी येतो तो.”

सारिकाचे अजून दोन आठवडे नागपुरात बाकी होते. म्हणजे मंगळवारी दृष्ट मीच काढायची होती.

बाबर अण्णांना सगळं खरं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “तवा बंद कर, पण कारण कुणाला सांगू नको. लोक त्यातलं शास्त्र ऐकणार नाहीत, दृष्ट तेवढी ऐकतील.” त्यांचंही चूक नव्हतं. पण लपवण्यानंच आम्ही इथवर आलो होतो. मी म्हणालो, कुणी विचारलं तर सांगेन. अण्णांनी मान हलवली आणि चहा न घेताच गेले.

पहिलं विचारलं ते मालनकाकूंनी. त्यांच्या घरचा धूर जिन्यातून आमच्याकडे येतो, म्हणून मीच त्यांच्या दारात गेलो होतो. दहा वर्षांपूर्वी याच दारात, दृष्ट काढू नका हे सांगायला मी आलो होतो, आणि काकूंनी मला लाडू देऊन परत पाठवलं होतं.

“काकू, तुमच्या नातवाची दृष्ट काढायची असेल तर गच्चीवर काढाल का? आमच्याकडं धूर यायला नको.”

“तुमचं भाषान नगं बाबा आता.”

“भाषण नाही. आमच्या शर्वीची मी काढणार आहे. दुसरा धूर आला तर तिच्या औषधात गोंधळ होतो.”

काकूंनी चष्मा वर केला. मी त्यांना सगळं सांगितलं, पेशी, मेंदू, प्लीहा, हिरवं पाणी. दारात उभं राहून वीस मिनिटं सांगितलं. त्या शेवटपर्यंत मान हलवत होत्या.

“म्हंजे दृष्ट लागती,” त्या म्हणाल्या.

“लागत नाही, काकू. पेशींना सवय लागलीय.”

“त्येच म्हंते मी.”

एरवी मी आणखी तासभर उभा राहिलो असतो. “गच्चीवर काढा तेवढी,” म्हणालो आणि घरी आलो.

मंगळवारी साडेसहाला शर्वी पाटावर बसली, पूर्वेकडं तोंड करून. गुडघा सुजून गोल झाला होता. सकाळी अंक साठ झाला होता. पाव मात्रेची गोळी आणि हिरवं पाणी घेऊन तिनं कप खाली ठेवला. मी साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवला होता. त्यात नागपूरहून सारिका बघत होती.

“दोन्ही मुठींत घ्या. मीठ-मोहऱ्या दोन्हींत, मिरची मात्र एकाच मुठीत. डोक्यापासून पायापर्यंत उतरवायचं, सात वेळा. घाई नको.”

तवा माझाच होता, कार्यक्रमाच्या पिशवीतला. मी मुठी फिरवायला लागलो आणि सारिकानं सांगितलेले शब्द म्हणालो, “घरच्याची, दारच्याची, आल्यागेल्याची, कुणाची लागली असेल ती जळून जाऊ दे. इडा पिडा टळू दे.”

“पप्पा, तुम्ही भाषणासारखं म्हणताय,” शर्वी म्हणाली.

“मग कसं म्हणू?”

“आई माझ्याकडं बघून म्हणते.”

मी तिच्याकडं बघितलं. ती मला न्याहाळत होती, तिच्या आईसारखीच.

“तुम्हाला हे खोटं वाटतं ना?”

“हो.”

“मग?”

“गुडघा खोटा नाही ना तुझा. नीट बस.”

तिसऱ्या वेळी मुठी खाली येता येता तिच्या गुडघ्याशी थांबल्या. पट्टीच्या कडेनं कातडी ताणून चकचकीत झाली होती. “इडा पिडा टळू दे,” मी म्हणालो, आणि हे म्हणायला आपली काहीच हरकत नाही, हे माझ्या लक्षात आलं. पाच वर्षं रोज सकाळी पाऊण तास मी हेच म्हणत आलो होतो, तोंडानं कधी म्हटलं नव्हतं एवढंच. पुढचे चार वेढे मी कसे पुरे केले मला नीट सांगता येणार नाही. शर्वीनं समजूतदारपणे समोरच्या भिंतीकडं बघितलं.

मग मुठी तव्यावर उघडल्या. मोहऱ्या तडतडल्या. शर्वीला ठसका लागला, मला लागला, आणि तिकडे नागपुरात, जिथं धुराचा मागमूस नव्हता, तिथं सारिकालाही खोकल्याची उबळ आली. ती खोकत खोकत हसायला लागली. मी खिडकी उघडली.

बुधवारी सकाळी अंक एकेचाळीस होता. गुडघा सरळ व्हायला अर्धा तास लागला. शर्वी भिंतीला धरूनच गेली, पण परत येताना तिनं मधेच हात सोडला आणि चार पावलं तशीच आली. लंगडी कधी खेळायची, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, बघू.

ती शाळेत गेल्यावर मी केंद्रानं दिलेली नोंदींची वही उघडली. प्रत्येक वेळी चार रकाने भरायचे असतात. दिनांक लिहिला. ‘उद्दीपक दिला का’ यापुढं ‘होय’ लिहिलं. ‘देणारी व्यक्ती’ यापुढं ‘वडील’ लिहिलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. आजवर आमच्या घरातून तो कोराच जात होता. सारिकाला खरं ते लिहिता येत नव्हतं आणि मला लिहिण्यासारखं काही वाटत नव्हतं. या वेळी मी लिहिलं, ‘शब्दांसह.’